आमची वाटचाल : दगडाच्या पृथक्करणातील अचूकता

नागपुरात आमची प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा मँगनीज आणि चंद्रपूरकडची चुनखडी हेच मुख्य नमुने होते आणि सारे काम ब्यूरेट, मूस व तराजू यांवर चाले. पुढे कर्ज काढून एक्सआरएफ यंत्र (नमुन्यावर क्ष-किरण सोडून त्यातील मूलद्रव्ये मोजणारे) आणले, तेव्हा आता आकडा चुकणारच नाही, अशी ग्राहकांची समजूत झाली. यंत्र चूर्ण दाबून केलेली तीच वडी दहा वेळा तपासून जवळपास तोच आकडा देते हे खरे. पण तो बरोबर आहे, हे त्यावरून ठरत नाही. ऱ्होड आयलंडमधील वेस्टर्लीचा ग्रॅनाइट आणि व्हर्जिनियातील सेंटरव्हिलचा डायबेस हा गडद अग्निज खडक यांचे चूर्ण अनेक प्रयोगशाळांना वाटून केलेल्या तपासणीचा अहवाल १९५१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा साध्या सिलिकाच्या आकड्यांतही अनपेक्षित तफावत आढळली होती.

दाबून केलेल्या वडीत कणांचा आकार आणि खनिजांचे स्वरूप यांमुळे क्ष-किरणांची तीव्रता बदलते. म्हणून आम्ही चूर्ण लिथियम बोरेटबरोबर प्लॅटिनमच्या मुशीत वितळवून काचेची चकती ओततो; ट्यूबलाइटसमोर धरल्यावर आत पांढरा ठिपका दिसला, तर ती चकती बाद. दळण्याचे भांडेही नमुन्यात उतरते. टंग्स्टन कार्बाइडच्या भांड्यातून टंग्स्टन आणि कोबाल्ट मिसळतात, त्यामुळे कोबाल्ट मोजायचा असेल तर अगेट या कठीण दगडाचे भांडेच वापरतो. त्याला वेळ लागतो, बिल वाढते आणि ग्राहक कुरकुरतो.

सर्वांत फसवा आकडा एलओआयचा, म्हणजे तापवल्यावर घटणाऱ्या वजनाचा. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ही घट सुमारे ४४ टक्के असते आणि ती सरळ कार्बन डायऑक्साइडची असते. मँगनीजच्या खनिजात मात्र पाण्याबरोबर मँगनीज डायऑक्साइडमधला ऑक्सिजनही निघून जातो, तर बेसाल्टमधले फेरस लोह उलट ऑक्सिजन घेऊन वजन वाढवते. म्हणून केवळ सर्व घटकांच्या टक्क्यांची बेरीज शंभरच्या जवळ आली, एवढ्यावर आम्ही अहवालावर सही करत नाही. प्रत्येक तुकडीत प्रमाणित संदर्भ-नमुना (ज्यातील घटकांचे प्रमाण आधीच खात्रीने ठरलेले असते असा) आणि ओळख लपवलेली एक दुबार पुडी ठेवतो आणि आकड्यापुढे अनिश्चितता छापतो. ‘अधिक-उणे कशाला, एकच आकडा द्या’ म्हणणारे काही ग्राहक त्यामुळे दुरावले, त्याला आमचा इलाज नाही.

सध्या दख्खनच्या बेसाल्टचा, रोजच्या वापरासाठीचा आमचा स्वतःचा नियंत्रण-नमुना तयार होत आहे. बरणीच्या तळातले आणि वरचे चूर्ण सारखेच आहे ना, याची तपासणी चालू आहे.