रेंच, हिच आणि बरक्या फणसाचा चीक

सापडलं! फणस काढायला मी एकेरी दोरावर चढतो. तिथून उतरताना तीन रविवार ज्या झटक्याने जीव खाल्ला, त्याचं मूळ टेदरमध्ये (रेंचला हार्नेसशी जोडणारा दुवा) नव्हतं, हिचच्या (दोराला वेढे घालून धरणारी, सरकवता येणारी गाठ) वेढ्यांतही नव्हतं. ते दोरावर होतं.

आंजर्ल्याच्या आमच्या आगरातला बरका फणस, बेसल अँकर (दोर वरच्या फांदीवरून घेऊन बुंध्याशी बांधलेला), ११.७ मिमीचा दोर, त्यावर रोप रेंच (दोराला वाकवून हिचवरचा भार हलका करणारं अवजार) आणि खाली १० मिमी अरामिड दोरीची डिस्टेल, म्हणजे हिचचा एक प्रकार. चढताना काही तक्रार नाही. उतरताना मात्र हिच दाबली तरी सरकत नाही, जोर लावला की एकदम सुटते आणि वीतभर खाली आदळते. नऊ मीटरवर ती वीतसुद्धा पोटात गोळा आणते.

पहिला संशय टेदरवर. एकेरी दोरावर नुसती हिच पूर्ण वजनाखाली सुटत नाही, म्हणून तर केविन बिंगहॅमने हा रेंच काढला. टेदर लवला की रेंच दोराला नीट वाकवत नाही आणि सगळा भार पुन्हा हिचवर येतो. टेदरवर हीट श्रिंक नळी (तापवली की आवळणारी) चढवून तो ताठ केला. फरक शून्य. मग डिस्टेलचा वरचा एक वेढा कमी केला, तर जमिनीपासून हातभर उंचीवरच ती धरेना. वेढा तिथल्या तिथे परत घातला. हा प्रयोग कोणीही झाडावर करू नका. व्हीटी ही दुसऱ्या प्रकारची हिच बांधली, तर झटका कमी झाला, गेला नाही. मे महिन्याच्या दमट हवेला दोष देऊन पाहिला, पण दोराचं आवरण पॉलिएस्टरचं, ते पाणी फारसं पीत नाही. शिवाय ऊन तापल्यावर खडखडीत कोरड्या दोरावरही तोच प्रकार.

वाट दाखवली खडूने. झटका बसला की तिथेच दोरावर खूण. पाच वेळा उतरलो, पाचही वेळच्या खुणा जमिनीपासून तीन ते साडेचार मीटरच्या पट्ट्यात. रेंच बिघडला असता तर झटके कुठेही बसले असते. त्या पट्ट्यावरून बोटं फिरवली तर तपकिरी, चिवट, केसासारखे धागे वर आले. चीक! फणस धरतो खोडाला, दोर लोंबतो खोडालगत, आणि वर कोयत्याने देठ छाटला की चीक ठिबकतो तो थेट खालच्या दोरावर. ताजा असताना पांढऱ्या दोरावर तो दिसतही नाही.

खात्रीसाठी मासळी तोलायचा हुकाचा काटा आणला. हार्नेसमध्ये बसून, जमिनीपासून हातभर उंचीवर, हिच खाली ओढायला किती जोर लागतो ते मोजलं. स्वच्छ दोरावर पाच किलो. चिकाच्या पट्ट्यात काटा चौदापर्यंत चढतो आणि मग हिच एकदम सुटते.

घरात प्रत्येकाचा पहिला सल्ला खोबरेल. विळीला आणि हाताला लावतो ते ठीक, पण हिच घर्षणावरच धरते, दोराला तेलाचं बोटही नको. रेंच तेवढा सुटा करून खोबरेलाने पुसला, मग तेलाचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुतला. दोराला सौम्य साबण, ३० अंशांच्या आतलं पाणी, मऊ ब्रश आणि सावलीत वाळवण. बराचसा चीक निघाला. हिचची दोरी सरळ बाद केली, वेढ्यांत मुरलेला चीक निघत नाही. कॅराबिनरही (जोडकड्या) गोड्या पाण्यातून काढले. खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियमच्या गेटपाशी पांढरी पूड धरते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

काल नव्या दोरीवर पुन्हा डिस्टेल. खाली वीस वेळा तपासलं, काटा पाच-सहाच्या पुढे गेला नाही. मग नऊ मीटरवरून उतरलो. दोर रेंचमधून घासत जाण्याचा तो एकसुरी सर्रर्र आवाज पायाला माती लागेपर्यंत तुटला नाही. लगेच पुन्हा वर गेलो, फक्त तो ऐकायला.

पावसाआधी दुसरा दोर घेणार आहे. या वेळी दुकानदार बदलणार. मागच्याने ११.७ सांगून पाठवलेला दोर कॅलिपरवर ठिकठिकाणी १२.३ भरला, आणि हिच ११.७ धरून बसवलेली. दोर हातात आला की कॅलिपर लावा, आतल्या पट्टीवर ईएन १८९१ ए ही युरोपीय मानकाची खूण पाहा. २२ किलोन्यूटन ताकदीचा भरवसा त्या खुणेवर असतो.

झिगझॅग (हिचच्या जागी लावायचं कड्यांचं यांत्रिक अवजार) घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं, ते आता थांबवलं. इतक्या कड्यांच्या फटींत चीक गेला तर काढायचा कसा? त्याऐवजी दोर समुद्राकडच्या बेचक्यातून टाकावा, तिकडच्या खोडाला फळ कमी, असं मनात होतं.

पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. माझ्याखाली दोर लोंबतच नसेल तर चीक पडणार कशावर? बेसल अँकर सोडून कॅनोपी अँकर (दोर वर फांदीलाच बांधलेला), रनिंग बोलाइन या सरकफासाने, आणि खालचा सगळा दोर हार्नेसच्या पिशवीत. उतरताना पिशवीतून आपोआप सुटत येईल. अडचण एकच, पण मोठी. बेसल अँकरला उतरवणी (दोर हळूहळू सोडायचं अवजार) लावलेली असते म्हणून दादा मला खालून उतरवू शकतो, ती सोय जाते. मग शेजारच्या बेचक्यात सुटकेसाठी दुसरा दोर आधीच टाकून ठेवावा लागेल. वहिनी म्हणतात, देठ छाटल्या छाटल्या ओल्या मातीचा गोळा दाबा, ठिबकणं तिथेच थांबेल. तेही करून बघायचं आहे, पण दोन्ही बदल एकाच दिवशी केले तर कशाने काय झालं ते कळणार नाही. आधी पिशवी. कोयता हातात असेपर्यंत वायरकोअर लॅनयार्ड (आत तार असलेली आधारदोरी) खोडाला, आणि पिशवीतल्या दोराच्या टोकाला गाठ.

झाडावर अजून अकरा फणस आहेत.