तुम्ही विचारलंत म्हणून: काजळ डोळ्याखाली का उतरतं?

सकाळी रेखलेलं काजळ दुपारी डोळ्याखाली उतरतं, तर टिकणारी पेन्सिल कोणती घ्यावी, असं बऱ्याच जणी विचारतात. पेन्सिलीआधी पापणीकडे बघा. काजळ म्हणजे मेण आणि तेलात मिसळलेला रंग. तो पाण्यापेक्षा तेलाने लवकर सुटतो. पापणीवर स्वतःचं तेल असतंच, त्यात आपण डोळ्याच्या कडेपर्यंत क्रीम आणि सनस्क्रीन लावतो. मग कितीही महाग पेन्सिल पसरणारच.

घेताना घटकांची यादी वाचा. आयसोडोडेकेन किंवा सायक्लोपेंटासिलॉक्सेन हा पातळ द्रव लावल्यावर उडून जातो आणि ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेट या थर धरणाऱ्या घटकाचा पातळ थर रंगाला धरून ठेवतो. नुसती तेलं आणि मेणंच असतील तर पेन्सिल मऊ चालेल, पण टिकेल अशी आशा नको. हातावर रेघ ओढा, एक मिनिट थांबा, मग कोरड्या बोटाने घासा. लगेच घासून पाहिलं तर चांगली पेन्सिलही नापास होते. हे द्रव उडणारे असल्यामुळे टोपण घट्ट लावायचं, नाहीतर टोक कोरडं पडून टोचतं. फिरवायच्या पेन्सिलीचं टोक एक-दोन मिलिमीटरच बाहेर काढा, जास्त काढलं की मोडतं.

लावताना पापणी कोरड्या कापसाने टिपून घ्या, हवं तर किंचित पावडर लावा. बाहेरच्या कोपऱ्यापासून केसांच्या मुळाशी छोट्या छोट्या रेघा जोडत आत या. एकच लांब रेघ ओढली की त्वचा ताणली जाते आणि रेघ वाकडी होते. पसरवायचं असेल तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच, नंतर रंग फाटल्यासारखा निघतो. मग मिनिटभर नजर खाली ठेवा. लगेच वर पाहिलं तर ओली रेघ पापणीच्या घडीत उमटते. खालच्या रेघेवर त्याच रंगाची आयशॅडो बारीक ब्रशने दाबली की ती जास्त टिकते.

आतली ओलसर कड मात्र वेगळी. तिथे अश्रू असतात आणि तेलग्रंथींची तोंडंही तिथेच उघडतात, त्यामुळे कुठलंच काजळ तिथे दिवसभर टिकत नाही. लेन्स वापरत असाल तर ती कड मोकळीच ठेवा, असं आमचं ठाम मत आहे.

काढताना घासू नका. तेल आणि पाणी अशा दोन थरांचा रिमूव्हर हलवून कापसावर घ्या, मिटलेल्या डोळ्यावर पंधरा-वीस सेकंद नुसता ठेवा आणि मग खाली ओढा. डोळे आले असतील तेव्हा वापरलेली पेन्सिल टाकून द्या.