पाळत नेमकी कोणाची?

शाळेच्या वाहतूक विभागात असलं की फोन सकाळी सहालाच सुरू होतो. त्या दिवशी मात्र बस उशिरा आली म्हणून कोणी ओरडत नव्हतं. जो तो एकच बातमी पाठवत होता: पुण्यातली एक शाळा ओळखपत्रातल्या चिपने मुलांवर पाळत ठेवते. नाव छापलं नव्हतं, पण फोटोतली बस आमचीच. नंबर धूसर केला होता, मागच्या काचेवरचा गणपती तसाच राहिला होता.

दहाच्या सुमारास एका वाहिनीचा पत्रकार दारात हजर. मुख्याध्यापकांनी त्याला माझ्याकडे धाडलं. पोरगा तयारी करून आला होता. अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या नॉर्थसाइड भागात 2012 मध्ये दोन शाळांतल्या सुमारे 4,200 मुलांना अशीच कार्डं दिली, प्रकरण कोर्टात गेलं, 2013 मध्ये शाळांनी योजनाच गुंडाळली. खरं आहे. पण तिथे अनुदान हजेरीवर ठरतं. इमारतीत असूनही वर्गात नसलेलं पोर हजेरीत धरता यावं म्हणून तो सगळा खटाटोप होता. आमचं कार्ड फक्त बसच्या दाराशी टेकवायचं, चढताना आणि उतरताना. मधल्या सुट्टीत पोर कुठे हुंदडतंय, ते कार्डाला कळत नाही.

"पण सर, कायद्याने मुलांचं ट्रॅकिंग बंद आहे ना?"

तशी बंदी 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिली आहे, पण ती लागू व्हायला नोव्हेंबर 2025 पासून अठरा महिन्यांची मुदत ठेवली होती. नोव्हेंबर 2025 च्या नियमांनी शाळेच्या वाहतुकीला सुरक्षिततेपुरती सूट दिली, हेही सांगितलं. त्याला माझ्या तोंडून "चोवीस तास नजर" एवढंच हवं होतं.

एवढ्यात एका आईचा फोन. नवऱ्यापासून विभक्त, मुलीचा ताबा कोर्टाने तिच्याकडे दिलेला. काल तो थांब्यावर उभा होता, घराजवळच्या नव्हे, आजीकडच्या. बस येण्याच्या अगदी दोन मिनिटं आधी. "त्याला कळलं कसं?"

मी संगणकावर नाव काढलं. प्रवेशाच्या वेळी अर्ज वडिलांनी भरलेला, म्हणून ॲपचं मुख्य खातं त्यांच्या नंबरवर. बस कुठे आहे, पोर कुठे उतरलं, सगळं त्यांना दिसत होतं. ॲपवाल्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा अदबीने म्हणाला, "सर, मॅडम सेकंडरी आहेत. बदलायचं तर प्रायमरी पालकांची संमती लागेल."

म्हणजे ज्याच्यापासून लपवायचं, त्यालाच विचारायचं!

आईने कोर्टाचा आदेश व्हॉट्सॲपवर पाठवला. मी मुलीचं कार्ड बंद केलं, पण बसचा नकाशा त्यांना दिसतच राहणार होता. मग बसमधल्या मावशींना सांगितलं, आई किंवा आजी दिसल्याशिवाय पोरीला उतरवू नका. दुपारी तो पुन्हा आला. "बाप आहे मी तिचा," म्हणत दाराच्या दांडीला धरून उभा राहिला. मावशी पायरीवरून हलल्या नाहीत. ड्रायव्हरने बस परत शाळेत आणली, आई तिथूनच मुलीला घेऊन गेली.

पत्रकाराला मी नाव न घेता हे सगळं सांगितलं. म्हटलं, शाळेला जरूर झोडपा, पण हे विचारून झोडपा: पोराचा ठावठिकाणा कोणाकोणाला दिसतो, आणि तो बंद करायचा अधिकार कोणाला? त्याने मान डोलावली. संध्याकाळच्या बातम्यांत माझं बोट नकाशावर फिरताना दाखवलं, खाली लाल पट्टीत "विद्यार्थ्यांवर पाळत". बापाचा विषय कापला होता.

कंपनीचं उत्तर दोन दिवसांनी आलं: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, कृपया आमच्या सेवेला पाच तारे द्या. खातं अजून वडिलांच्याच नंबरवर होतं.