भाव विचारण्याआधी

जेरुसलेमला आल्यापासून शुक्रवारी सकाळी महाने येहुदाच्या बाजारात जाण्याचा माझा नेम आहे, आणि काही घ्यायचे नसले तरी खजुरापासून मसाल्यांपर्यंत सगळ्यांचे भाव विचारत पुढे सरकण्याची मंडईतली सवयही मी सोबत आणली आहे. संध्याकाळच्या तालमूदच्या, म्हणजे यहुदी धर्मशास्त्रावरील चर्चांच्या प्राचीन ग्रंथाच्या, वर्गात (येथे पाठ दोघादोघांनी मोठ्याने वाद घालत करायचा असतो) माझ्या जोडीला असलेल्या आजोबांना हे सांगितले, तेव्हा ते हसले आणि त्यांनी 'बावा मेत्सिया' या खंडाचे ५८ वे पान उघडले. घ्यायचे नसेल तर दुकानदाराला भाव विचारू नये, असे सुमारे १८०० वर्षांपूर्वी संकलित झालेली मिश्ना (तालमूदचा मूळ नियमसंग्रह) तेथे बजावते. देवघेवीत जसा अन्याय होतो तसाच तो शब्दांनीही होतो, असे तिचे म्हणणे आहे.

याच चर्चेच्या ओघात, पान उलटल्यावर, अख्नाईच्या भट्टीची प्रसिद्ध कथा येते. तुकडे करून मध्ये वाळू घातलेली भट्टी (हिब्रूतला 'तन्नूर' हा आपल्या तंदूरचाच भाऊबंद) शुद्ध की अशुद्ध, यावरून रब्बी (यहुदी धर्मपंडित) एलिएझर एकीकडे आणि बाकी सारे पंडित दुसरीकडे असतात. एलिएझरांच्या शब्दाखातर झाड उपटून दूर जाते, पाणी उलटे वाहते, पाठशाळेच्या भिंती कलतात, शेवटी आकाशवाणीही होते. पण रब्बी येहोशुआ उभे राहून "ती (तोरा) स्वर्गात नाही" हे तोराचेच, म्हणजे मूळ धर्मग्रंथाचेच, वचन सुनावतात, निर्णय माणसांनीच करायचा असे ठरते आणि बहुमत टिकते. लेकरांनी आपल्याला हरवले म्हणून देव हसतो. कथा सांगणारे बरेच जण येथेच थांबतात. मलाही ती तेवढीच ठाऊक होती.

पुढचा भाग मात्र अंगावर येतो. पंडित एलिएझरांना वाळीत टाकतात, आणि ते कळवायला रब्बी अकिवा काळी वस्त्रे घालून जातात व अक्षरशः चार हात दूर बसतात. एलिएझरांची पत्नी इमा शालोम ही पंडितांचे प्रमुख रब्बान गमलिएल यांची बहीण. दुखावलेल्याची याचना भावाला भोवेल या भीतीने ती नवऱ्याला पालथे पडून याचना करू देत नाही. एके दिवशी तिची नजर चुकते, एलिएझर पालथे पडतात आणि तिचा भाऊ मरतो. तो मरणार हे तुला कसे कळले, असे नवरा विचारतो, तेव्हा ती म्हणते की स्वर्गाचे सारे दरवाजे बंद होतात, दुखावलेल्याच्या हाकेचा होत नाही, हे ती आपल्या आजोबांच्या घरापासून ऐकत आली आहे.

लगेच पुढे 'गेर'ला, म्हणजे परक्याला, दुखावणाऱ्याविषयी लिहिले आहे, आणि तोरात ही ताकीद ३६ वेळा, काहींच्या मते ४६ वेळा, आल्याचे म्हटले आहे. माझ्या जोडीच्या आजोबांनी त्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिले. रब्बींच्या भाषेत 'गेर' म्हणजे धर्म स्वीकारून आलेला, मी तसा नाही, असे मी म्हणालो. त्यावर आमचा वाद वर्ग संपेपर्यंत चालला.