चिलर की फेज-चेंज? आधी दवबिंदू बघा

जून २०१८मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात इंटेलने २८ कोअरचा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर चालवून दाखवला. नंतर कळलं, त्याला थंड ठेवत होता हैलिया कंपनीचा १ एचपीचा चिलर. म्हणजे माशांच्या टाक्यांना लावतात तो.

त्यामुळे चिलर म्हणजे काहीतरी प्रयोगशाळेतलं प्रकरण, ही समजूत आधी काढून टाका. चिलर काय आणि फेज-चेंज काय, दोन्हींच्या पोटात फ्रिजच आहे: कॉम्प्रेसर, कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी), फिल्टर ड्रायर (ओल आणि कचरा धरणारा), कॅपिलरी (दाब पाडणारी केसासारखी बारीक नळी), इव्हॅपोरेटर (थंड होणारं टोक). चिलरमध्ये इव्हॅपोरेटर पाणी थंड करतो आणि ते पाणी प्रोसेसरकडे जातं. फेज-चेंजमध्ये इव्हॅपोरेटर थेट प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो आणि थंड करणारा द्रव, मेकॅनिकच्या भाषेत गॅस, तिथेच उकळतो. पहिल्याचं पाणी साधारण ५ ते २० अंशांवर, दुसऱ्याचं टोक उणे ३० ते उणे ५० अंशांवर. हा आकडा बघूनच बहुतेक जण दुसऱ्याच्या प्रेमात पडतात आणि तिथेच फसतात.

निवड ठरते ती दवबिंदूवर, म्हणजे हवेतल्या वाफेचं ज्या तापमानाला पाणी होऊ लागतं त्यावर. खोलीत ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, म्हणजे मुंबईचा किंवा पणजीचा जुलै, तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास येतो. त्याखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणार. साध्या रेडिएटरवर त्याच खोलीत लूपचं, म्हणजे प्रोसेसर थंड करत फिरणाऱ्या बंद चक्राचं, पाणी ३५-३८ अंशांवर राहतं. चिलर सुरक्षित ठेवायचा तर ३० अंशांवर ठेवावा लागेल. फायदा पाच ते आठ अंशांचा, आणि त्यासाठी अर्धा किलोवॉट वीज! किनारपट्टीवर एसी नसलेल्या खोलीत चिलर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तीच खोली एसीने २४ अंश आणि ५० टक्क्यांवर आणली की दवबिंदू १३वर उतरतो, मग पाणी १६ अंशांवर बिनधास्त ठेवता येतं. पुण्या-नाशिकचा कोरडा उन्हाळा तर आणखी सोपा. ३५ अंशांत २५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १२. मात्र स्वस्त आर्द्रतामापक पाच टक्के सहज चुकतो. दमट हवेत तेवढ्याने दवबिंदू एका अंशाने हलतो आणि चिलरचा थर्मोस्टॅटही एक-दोन अंश खाली-वर जातो. म्हणून दवबिंदूच्या वर किमान ३ अंश सोडा.

आता क्षमता. डब्यावर १/२ एचपी लिहिलेलं असतं ती कॉम्प्रेसरच्या मोटरची ताकद, उष्णता ओढण्याची क्षमता नव्हे. ती वॉटमध्ये वेगळी बघा. २५३ वॉटचा आय-९ आणि ४५० वॉटचं ग्राफिक्स कार्ड एकाच लूपवर असेल तर भार ७०० वॉट झाला. पाणी जितकं थंड मागाल आणि खोली जितकी गरम असेल, तितकी चिलरची क्षमता घसरते. दीडपट धरून चला, म्हणजे निदान १ किलोवॉट. आणि कंडेन्सर खोलीतच असेल तर ७०० वॉटमध्ये कॉम्प्रेसरचे ४००-५०० वॉट मिळवून सगळी उष्णता खोलीतच पडते. ती बाहेर काढायला पुन्हा एसी आहेच. शक्य असेल तर चिलर गॅलरीत ठेवा आणि पाइप आत आणा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो जोडणीत. मत्स्यालयाच्या चिलरला तासाला हजारएक लिटर प्रवाह लागतो. कॉम्प्युटरच्या ब्लॉकमधून (चिपवर बसणारा, आतून पाणी जाणारा धातूचा ठोकळा) मिनिटाला ४ लिटर, म्हणजे तासाला २४०, गेले तरी पुष्कळ झाले. दोन्ही एकाच रांगेत जोडले की चिलरला पाणी कमी पडतं, आतलं पाणी पटकन थंड होतं आणि कॉम्प्रेसर दर दोन मिनिटांनी चालू-बंद होत बसतो. उपाय सोपा आहे: मध्ये १० लिटरची झाकणबंद, थर्माकोल गुंडाळलेली टाकी. एक मोठा पंप टाकी ते चिलर, दुसरा कॉम्प्युटरच्या लूपला नेहमी लावतात तो डी-५ पंप टाकी ते ब्लॉक. मिनिटाला ४ लिटर प्रवाहात ७०० वॉट टाकले तरी पाणी अडीच अंशांनीच तापतं, त्यामुळे प्रवाह वाढवण्याच्या मागे लागू नका.

जुना विंडो एसी फोडून त्याची कॉइल पाणी भरलेल्या आइसबॉक्समध्ये बुडवणं हा जुना जुगाड. चालतो, पण १ टन म्हणजे साडेतीन किलोवॉट, गरजेच्या कितीतरी पट. शिवाय कॉइलचे पत्रे ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक तांब्याचे, दोन्ही एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम गंजून त्याचा गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतो. करायचंच तर मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर (पत्र्यांमधून फक्त उष्णता पलीकडे देणारा) टाकून दोन पाणी वेगळी ठेवा. शून्याजवळ जायचं असेल तर ३० टक्के ग्लायकॉल घाला. त्याहून जास्त घातलं की द्रावण घट्ट होतं आणि पंप दमतो.

फेज-चेंज तयार मिळण्याचे दिवस गेल्यात जमा. डेन्मार्कच्या एसेटेकने सुरुवात व्हेपोचिल या फेज-चेंज यंत्रापासून केली आणि पुढे नाव कमावलं ते पाण्याच्या कूलरमध्ये. म्हणजे आज बांधायचं तर स्वतः, किंवा चांगला फ्रिज मेकॅनिक गाठून. घरच्या फ्रिजचा १/६ एचपीचा कॉम्प्रेसर इथे पुरत नाही, डीप फ्रीझरचा कमी दाबावर चालणारा घ्या. गॅस आर-४०४ए (उकळबिंदू उणे ४६) किंवा आर-२९० म्हणजे प्रोपेन (उणे ४२). आर-१३४ए उणे २६लाच उकळतो, तो चिलरला ठीक. प्रोपेन पेटतो हे विसरू नका. आर-४०४ए मिश्रण आहे, सिलिंडर उलटा धरून द्रवरूपातच भरायचा, नाहीतर प्रमाण बिघडतं. ब्रेझिंग करताना, म्हणजे तांब्याच्या नळ्या तापवून जोडताना, नळीतून नायट्रोजन सोडत राहा, नाहीतर आत ऑक्साइडची काळी खपली धरते आणि ती थेट कॅपिलरीत जाऊन बसते. गॅस भरण्याआधी पंपाने काढलेला व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (दाब मोजायचं एकक) खाली गेला पाहिजे आणि पंप बंद केल्यावर तिथेच टिकला पाहिजे. ओल राहिली तर कॅपिलरीच्या तोंडाशी बर्फ होतो. यंत्र दहा मिनिटं छान चालतं, मग तापमान अचानक चढतं, बंद करून ठेवलं की पुन्हा छान चालतं. हे लक्षण दिसलं की गॅस वाढवू नका, ड्रायर बदला.

कॅपिलरीची लांबी आणि गॅसचं वजन एका ठरावीक भाराला जुळवलेलं असतं. २०० वॉटला जुळवलेल्या यंत्रावर प्रोसेसर ३० वॉटवर निवांत बसला की न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरकडे परततो आणि व्हॉल्व्ह मोडतो. उलट प्रोसेसर ३०० वॉटवर गेला की इव्हॅपोरेटर कोरडा पडतो. आजचे प्रोसेसर सेकंदाला भार बदलतात, त्यामुळे रोजच्या कामाला हे यंत्र मुळातच बेमेळ आहे. त्यात ते फक्त एक चिप थंड करतं, ग्राफिक्स कार्ड राहतंच.

इन्सुलेशन हा दुसरा जाच. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या आजूबाजूला खोडरबराचा लगदा, सॉकेटमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस, मदरबोर्डच्या मागे नायट्राइल रबर आणि छोटा हीटर, गॅसच्या परतीच्या नळीवर १९ मिमी जाडीचं रबर. कुठेही हवेची पोकळी राहिली की तिथे पाणी साचणारच. ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवण्याच्या, एका संध्याकाळपुरतं हे सगळं जमतं. रोज आठ तास, तेही पावसाळ्यात, नाही जमत.

राहिला वीज जाण्याचा प्रश्न. कॉम्प्रेसर यूपीएसवर लावू नका, सुरू होताना तो चालू प्रवाहाच्या पाच-सहापट ओढतो आणि यूपीएस ट्रिप होतो. चिलर बंद पडला आणि कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहिला तर १० लिटरची टाकी ७०० वॉटला मिनिटाला फक्त एक अंश चढते, काम जतन करायला भरपूर वेळ मिळतो. फेज-चेंजचा अर्धा किलो तांब्याचा इव्हॅपोरेटर २०० वॉटला सेकंदाला एक अंश चढतो. उणे ४०वरून धोक्याच्या पातळीला यायला दोन मिनिटंही लागत नाहीत. आणि वीज लगेच परत आली तर? दाब समान व्हायच्या आत कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतो, अडकतो, त्याचा ओव्हरलोड स्विच उडतो. दोन्ही प्रकारांत तीन मिनिटांचा डिले टायमर लावा. एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात तो मिळतो.