तुम्ही विचारलंत म्हणून: मियाटाला रॅडिएटर कुठला घालू?

हा प्रश्न मला मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत विचारलाय, एका मुंजीत विचारलाय, आणि एकदा दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलाय. न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली इतक्या जुन्या स्पोर्ट्स गाड्या झाकून ठेवल्यात, हे मला माझी गाडी टर्नपाइकच्या, म्हणजे इथल्या टोलच्या हायवेच्या, कडेला वाफ सोडत उभी राहीपर्यंत माहीत नव्हतं. ती बातमी कशी कोण जाणे सगळीकडे पोचली, आणि तेव्हापासून मी रॅडिएटरवाली बाई झाले. (रॅडिएटर म्हणजे इंजिनाचं तापलेलं पाणी गार करणारा भाग.)

गाडी १९९१ ची माझदा मियाटा. इंग्लंडात हिलाच एमएक्स-५ म्हणतात. १६०० सीसी, हाताचा गिअर, एसी. रंग लाल होता, आता तो टोमॅटो सूप आणि गुलाबी यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

उत्तर तसं छोटं आहे: कंपनीने दिला होता त्याच मापाचा घाला. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला जाड, चकचकीत, 'थ्री रो, फुल अॅल्युमिनियम' असं काहीतरी ऐकायचं असतं. मलाही तेच ऐकायचं होतं, आणि मी तेच विकत घेतलं होतं. म्हणून आधी माझ्या मूर्खपणाची गोष्ट.

या गाडीच्या मूळ रॅडिएटरची जाळी अॅल्युमिनियमची आणि वरची-खालची टाकी काळ्या प्लास्टिकची असते. वर्षानुवर्षं गरम पाणी खाऊन वरची टाकी रंग बदलते. आधी करडी, मग शेवाळी, मग चहाच्या जुन्या गाळणीसारखी तपकिरी. तुमची तपकिरी झाली असेल तर गळत नसली तरी तिचे दिवस भरलेत असं समजा. माझ्या टाकीला वरच्या होजच्या (पाण्याच्या रबरी नळीच्या) तोंडाशी केसाएवढी चीर होती. थंड असताना काही दिसायचं नाही. गाडी तापली की तिथे एक थेंब फुगायचा आणि लगेच वाळून पांढरट खपली धरायची. बॉनेट उघडलं की पाक करपल्यासारखा गोडसर वास. बाटलीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, दर आठवड्याला बोटभर कमी, आणि मी आपली वरून ओतत होते.

मग एके रात्री ऑनलाइन 'ऑर्डर'चं बटण दाबलं. ५२ मिलिमीटर जाड जाळी, नळ्यांच्या तीन ओळी, वेल्डिंग केलेल्या टाक्या, किंमत मात्र संशय यावा इतकी कमी. विकणाऱ्याने खाली लिहिलं होतं की मियाटाला बसतो. कुठल्या मियाटाला, ते मी वाचलं नाही.

इथे पहिली मेख आहे. १९९० ते ९७ ची पहिली पिढी आणि १९९९ ते २००५ ची दुसरी पिढी या दोघींचे रॅडिएटर लांबून जुळ्या बहिणींसारखे दिसतात, पण चांगले दुकानदार ते वेगवेगळ्या नंबरांखाली ठेवतात. माझ्याकडे आला तो दुसऱ्या पिढीचा. पंख्यांची भोकं जुळेनात. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून बघितलं. त्यात जाडी दुप्पट, त्यामुळे पंखा मागे सरकला आणि त्याची मोटर थेट स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या आडव्या दांडीला) टेकली. पहिल्या स्पीडब्रेकरवर जो आवाज आला तो अजून आठवतो.

ओळी मोजून रॅडिएटर चांगला की वाईट हे कळत नाही. तीन अरुंद नळ्यांपेक्षा दोन रुंद नळ्या जास्त उष्णता बाहेर टाकू शकतात. नळीची भिंत जाळीच्या पत्र्याला किती ठिकाणी चिकटली आहे आणि पत्रे किती दाट आहेत, यावर सगळा खेळ. शिवाय जाळी जाड केली की मागच्या भागाला मिळतो तो पुढच्याने आधीच तापवलेला वारा, आणि जाळीतून वारा ढकलायलाही जोर जास्त लागतो. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांना जाड रॅडिएटर लागतो, ते मोठे पंखे आणि वारा वळवणारे पत्रेही सोबत घालतात. मी गाडी पळवते किराणा आणायला.

आता दुसरी मेख, आणि माझ्या मते खरी गोष्ट हीच. एवढा जाडजूड रॅडिएटर घालूनसुद्धा गाडी हायवेवर तापायचीच. सिग्नलला उभी असली की काटा मध्यावर शांत. ताशी ६५ मैलांनी दहा मिनिटं गेलं की काटा हळूच वर. उभ्या गाडीला वारा पंखा देतो, पळत्या गाडीला रस्ता देतो. म्हणजे ट्रॅफिकमध्ये तापते तर पंखा, त्याचा रिले, त्याचा स्विच बघायचा. हायवेवर तापते तर जाळी तुंबली आहे का, पाण्याचा पंप नीट फिरतोय का, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारी झडप, पूर्ण उघडतोय का (या गाडीत तो ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडायला लागतो) आणि वारा जाळीतून जातोय तरी का, हे बघायचं. मी यातलं काहीच न बघता थेट सर्वांत महाग भाग बदलला होता.

शेवटी गाडी जॅकवर घेतली, खाली सरकले आणि वर बघितलं तर थेट आकाश दिसलं. नाकाखालचा काळा प्लास्टिकचा ट्रे गायब! आधी केव्हातरी एका वर्कशॉपमध्ये ऑइल बदलताना काढला आणि परत लावायचा राहिला. मियाटाचं तोंड मुळात लहान, माशासारखं. त्यातून शिरलेला वारा खालून निसटू नये, जाळीतूनच जावा, हे काम त्या ट्रेचं. वाऱ्याला सोपी वाट मिळाली की तो अवघड वाटेने कशाला जाईल? भंगारवाल्याकडून जुना ट्रे आणला, क्लिपा नव्या घातल्या. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला.

तो जाड रॅडिएटर मी तरीही काढला. मोटर बारला घासत होती, ते सहन होईना. मग पहिल्या पिढीचा साधा, अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्यांचा, मूळ जाडीचा घेतला. या वेळी जुना रॅडिएटर आधी जमिनीवर पुठ्ठ्यावर ठेवला, पेन्सिलने त्याची बाह्यरेषा काढली आणि माप लिहीत गेले. जाळीची उंची, रुंदी, जाडी. होज बसतात त्या दोन तोंडांचा बाहेरचा व्यास. पंख्यांच्या भोकांमधली अंतरं. खाली रबरात बसणाऱ्या दोन खुंट्या. एवढं कागदावर असलं की विकणाऱ्याला फोनवर चार प्रश्न विचारता येतात, आणि तो उत्तर देताना अडखळला तर आपलं उत्तर आपल्याला मिळतं.

खालच्या टाकीला दोन जास्तीची तोंडं दिसली तर घाबरू नका. ती ऑटोमॅटिक गाडीच्या गिअर ऑइलसाठी असतात. हाताच्या गिअरच्या गाडीत ती बुचं मारून बंद ठेवली तरी चालतं. उलट मात्र चालत नाही. ऑटोमॅटिकला मॅन्युअलचा बसवलात तर गिअरचं ऑइल गार करायला जागाच नाही.

दुसरी गाडी असेल तर पंख्याचा स्विच कुठे आहे ते आधी शोधा. माझ्या गाडीत तो इंजिनावर, थर्मोस्टॅटच्या घरात आहे, त्यामुळे रॅडिएटरला भोक लागत नाही. पोर्शे ९४४ किंवा नव्वदच्या दशकातली बीएमडब्ल्यू ई३६ असेल, तर स्विच रॅडिएटरमध्येच बसतो. तिथे भोक नसलेला, किंवा भलत्या आट्यांचा रॅडिएटर आला तर तो सुंदर दिसेल आणि उपयोग शून्य.

आणि तुमच्यातल्या ज्या एका गृहस्थांकडे एमजीबी ही जुनी इंग्लिश स्पोर्ट्स गाडी आहे, त्यांना मी कळवळून सांगते: तुमचा जुना रॅडिएटर फेकू नका. तांब्या-पितळेचा आहे तो. आमच्या बाबांची फियाट खंबाटकी घाटात हटकून तापायची. बोगदा व्हायच्या आधीचा घाट. बाबा बॉनेट उघडून बाजूला उभे राहायचे, "कॅपला कुणी हात लावायचा नाही" हे आम्हा भावंडांना दरडावून, आणि अर्ध्या तासाने ओला टॉवेल घालून कॅप एकेक आटा सोडवायचे. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एक रॅडिएटरवाले होते. ते तोंडं बंद करून आत हवा भरायचे, रॅडिएटर पाण्याच्या हौदात बुडवायचे, बुडबुडे जिथून येतील तिथे खडूची खूण करायचे आणि डाख द्यायचे. जाळीच गेली असेल तर टाक्या ठेवून जाळी नवी. पितळेच्या टाकीला ते करता येतं. माझ्या प्लास्टिकच्या टाकीला कुणी डाख देऊ शकत नाही, ती दाबून बसवलेली असते. अमेरिकेतही जाळी बदलून देणारी दुकानं आहेत, जरा लांब असतात इतकंच. तुमच्या गाडीचं वर्ष मात्र सांगा. १९७७ पासून एमजीबीचा रॅडिएटर पुढे सरकला आणि इंजिनावरच्या पंख्याच्या जागी विजेचे पंखे आले.

रॅडिएटरसोबत दोन्ही होज आणि कॅप नवी घ्याच. कॅप म्हणजे नुसतं झाकण नव्हे. माझ्या कॅपवर ०.९ लिहिलंय, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण ०.९ पट इतका जास्तीचा दाब ती आत धरून ठेवते. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग मेली की नवा रॅडिएटरही उकळतो. जुना होज निघत नसेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उपसू नका, प्लास्टिकचं तोंड मोडतं. होज ब्लेडने उभा चिरा, तसाही तो फेकायचाच आहे. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. चवीला गोड असतं म्हणून कुत्री चाटतात, आणि ते विष आहे. भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर फिरवा आणि कॅप उघडी ठेवून इंजिन चालू करा. सहा लिटर मावतं. पाच गेलं आणि वर आलं, तर आत हवा अडकली आहे, थांबा.

माझा जुना तपकिरी रॅडिएटर गॅरेजच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला आहे. पहिल्या पिढीची गाडी असेल तर येऊन माप घेऊन जा. मोजायची टेप तुमची आणा, माझी दातांच्या डॉक्टरांकडे आहे.