नऊ एकांचा वर्ग

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असे पत्र आले आणि शाळेआधी एक सतरा अंकी संख्याच आठवली: १२३४५६७८९८७६५४३२१. आमच्या बॅचमधल्या कुणालाही ही संख्या दाखवा, तो गणिताच्या सरांचेच नाव घेईल. कोणते सर, हे इथे सांगायला नको.

आठवीचा मोकळा तास होता. सरांनी फळ्यावर ओळीने नऊ एक लिहिले आणि त्या संख्येला तिनेच गुणायला घेतले. नऊ ओळी, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली. शेवटच्या ओळींची टोके फळ्याची चौकट ओलांडून भिंतीवर गेली. बेरीज मात्र सरळ. मधल्या रकान्यात नऊ एक, दोन्हीकडे आठ, सात, सहा असे उतरत गेलेले. कुठेच हातचा नाही, म्हणून संख्या दोन्हीकडून सारखीच वाचता येते. दहा एक घेतले की मधे हातचा येतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. सगळा तोल जातो. अशा संख्यांना देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले, हेही सरांनीच सांगितले. एका शाळामास्तराचे नाव जगभरच्या गणितात आहे, हे सांगताना सरांचा आवाज बदलायचा.

मग अवयव पाडणे. नऊ एकांचे अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७. म्हणजे वर्गात ३ चार वेळा, बाकीचे दोन-दोनदा. पण ३३३६६७ मूळ संख्या कशावरून? तिचे वर्गमूळ ५७७ च्या थोडे पुढे, तेव्हा ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहायचे. सरांनी त्या संख्या वर्गभर वाटल्या, प्रत्येकाला दोन-तीन. माझ्या वाट्याला ४४९ आली. भागाकार ७४३, बाकी ६०. एकेक जण उठून आपली बाकी सांगत होता आणि सर हातातल्या यादीवर खूण करत होते. कुणाचीच बाकी शून्य आली नाही. गणितात कायम काठावर पास होणारा मुलगाही त्या दिवशी सिद्धतेचा भागीदार होता. असे शिकवणारा दुसरा शिक्षक मला पुढे इंजिनिअरिंगलाही भेटला नाही.

जलसंपदा खात्यातून मी कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. धरणाच्या कामात आकडा कितीही मोठा असो, हाताने पडताळल्याशिवाय सही केली नाही. ती सवय सरांची. परवा नातवाच्या लॅपटॉपवर स्प्रेडशीटमध्ये ही संख्या टाकली, तर शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्ये. पंधरा अंकांपलीकडचे तिथे ठेवलेच जात नाही. नातवाने मग कागद घेतला.

आता वर्गात काळे फळे उरले नाहीत असे कळले. वाईट वाटले. समितीला एवढीच विनंती की नव्या गणित कक्षाला सरांचे नाव द्यावे आणि एका भिंतीवर लांबलचक काळा फळा बसवावा. खर्च आमची बॅच उचलेल.